पंधरा हजारांतलं होम थिएटर

पोरी, दसऱ्याला होम थिएटर घ्यायचं ठरलंय आणि हातात पंधरा हजार आहेत, असं तू म्हणालीस. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून लिहून पाठवतोय. जावईबापूंनाही वाचायला दे. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांकडे निघण्याआधी एकदा वाचा आणि दुकानाच्या दारात उभे राहून पुन्हा एकदा.

आधी हे ठरवा की घरात हे यंत्र येतंय कशासाठी. सासूबाईंना मालिकेतलं बोलणं नीट कळत नाही, आणि आवाज वाढवला की पार्श्वसंगीत सगळ्यांच्या डोक्यात जातं, हे तूच मला सांगितलंस. यात सगळा दोष त्यांच्या कानांचा नाही. हल्लीचे टीव्ही इतके सपाट झालेत की आत स्पीकरला जागाच उरलेली नाही. बहुतेकांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा शोकेसच्या फळीवर आपटतो आणि मग तुमच्याकडे येतो. त्यात बोलण्यातली व्यंजनं मार खातात. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक आहे तो एका ‘स’चा, आणि त्या ‘स’चा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. वय वाढलं की कानही नेमके त्याच भागात आधी उतरतात. म्हणून तुझ्या पंधरा हजारांतला मोठा वाटा बोलणं स्वच्छ ऐकवणाऱ्या स्पीकरवर गेला पाहिजे. दणका नंतर बघू. आणि खरेदी होईल तेव्हा होईल, सासूबाईंचे कान एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. तेही याच कामातलं आहे.

आता वॅटचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५,००० वॅट, ८,००० वॅट छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ असतं. या आकड्याला कसलाही पाया नाही. कंपनीच्या मनाला येईल तसा तो मांडता येतो. ‘आरएमएस’ लिहिलेला, म्हणजे सतत निघणाऱ्या वॅटचा आकडा असेल तोच विचारात घ्यायचा. तोही खरा की खोटा हे कसं ओळखायचं? सेट उलटा करून मागची पट्टी वाच. तिथे किती वीज लागते ते लिहिलेलं असतं. ॲडॅप्टर असेल तर त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार कर. १२ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे २४ वॅट. आत चोवीस वॅट जात असतील तर बाहेर सतत पाचशे वॅट निघणं शक्य नाही. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमतो, पण दुकानात तो कुणी करत नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर माझा उभा जन्म गेला. हजारो वॅटचे म्हणवणारे कितीतरी सेट मी उघडलेत. आत एवढासा ट्रान्सफॉर्मर आणि ४४४० किंवा २०३० नंबरची आयसी. त्यातली ४४४० दोन बाजूंना प्रत्येकी सहा वॅट देते आणि २०३० चौदाच्या आसपास. या आयसी वाईट नाहीत, त्यांनी देशभरच्या घरांत गाणी वाजवलीत. पण त्यांच्या जिवावर पाच हजार वॅट छापायचे हा खोटेपणा आहे, आणि त्याचे पैसे तुझ्यासारख्यांच्या खिशातून जातात.

शिवाय तुला इतके वॅट लागणारच नाहीत. साधा बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८५ ते ८८ डेसिबल आवाज देतो. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज साठच्या आसपास असतो. म्हणजे रोजच्या मालिका आणि बातम्या तू एका वॅटच्याही आत ऐकणार आहेस. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट करावे लागतात. दहा बाय चौदाच्या हॉलला प्रत्येक स्पीकरमागे वीस-तीस खरे, स्वच्छ वॅट भरपूर झाले.

आता मुख्य प्रश्न: दोन स्पीकर, साउंडबार, की सहा डब्यांचा ५.१?

५.१ म्हणजे समोर तीन, मागे दोन आणि खर्जाचा सब. चित्रपटात बोलणं मुख्यतः समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतं. पैसे मुबलक असतील तर ही रचना उत्तमच. पण पंधरा हजार सहा डब्यांत आणि त्यांना वाजवणाऱ्या एका ॲम्पमध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला काय येतं ते बघ. पातळ प्लास्टिकची पेटी आणि आत तळहाताहून लहान स्पीकर. आणखी एक गोष्ट. केबलवर, फ्री डिशवर आणि युट्यूबवर जे येतं ते बहुतेक सगळं स्टिरिओ, दोन वाटांचंच असतं. खरा ५.१ आवाज मिळतो तो ॲपवरच्या चित्रपटांत आणि डिस्कवर. तुमच्या घरात दिवसभर काय चालतं हे तूच मोज. आणि तुमचा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला आहे. मागचे स्पीकर कानांच्या बाजूला, जरा मागे आणि वर लागतात. ते तू कुठे ठेवणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही आठ-बारा हजारांतली ॲम्प आतच असलेल्या, लाकडी पेटीच्या दोन स्पीकरची जोडी घ्यावी. तिला टीव्हीचा आवाज घेणारी ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी जोडणी हवी, आणि मागे ‘सब आउट’ असेल तर सोन्याहून पिवळं. पुढच्या पाडव्याला चार पैसे हाताशी आले की सब जोडता येतो. आज घेतलेलं काही वाया जात नाही. जोडीच्या बरोबर मध्ये बसलं तर बोलणं पडद्यातूनच आल्यासारखं वाटतं. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसतात, त्यांना ते जरा एका बाजूने येईल, पण शब्द स्वच्छ कळेल.

टीव्ही भिंतीवर आहे आणि खाली स्पीकर ठेवायला जागाच नाही, किंवा घरात रांगतं मूल आहे, अशा घरांनी साउंडबार घ्यावा. त्यातही बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला, ज्यावर ३.१ लिहिलेलं असतं तो. रिमोटवर ‘व्हॉइस’ आणि ‘नाइट’ ही बटणं आहेत का ते बघायचं. ‘नाइट’ने मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज वर येतात. आणि ज्यांच्याकडे रोज रात्री चित्रपटच चालतो आणि हॉलमध्ये बैठक मधोमध आहे, त्यांना मागच्या दोन वायरच्या स्पीकरसह ५.१ चे साउंडबार संच पंधरा-वीस हजारांत मिळतात. त्यांच्यासाठी ती खरेदी योग्य आहे. जुनी, डीव्हीडी प्लेयर आतच असलेली होम थिएटरं मात्र फुकट मिळाली तरी उचलू नका. लेन्स गेलेली असते, टीव्हीशी धड जोडता येत नाहीत आणि त्यांच्या स्पीकरच्या पिनासुद्धा वेगळ्याच असतात.

पिनांवरून आठवलं. स्पीकरच्या मागे साध्या तारा खोचायची लाल-काळी क्लिप किंवा स्क्रू असेल तो सेट केव्हाही बरा. कंपनीचा खास प्लग असलेल्या सेटचा एक स्पीकर गेला की सुटा मिळत नाही आणि सगळा सेट अडगळीत जातो. दुरुस्त होईल अशीच वस्तू घ्यावी, गरिबाच्या पैशाला तेवढी शाश्वती हवी.

दुकानात ऐकायला दसऱ्याच्या दिवशी जाऊ नका. त्या गर्दीत आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तिथे स्पीकरची पारख काय होणार! आठवडाभर आधी, कामाच्या दिवशी सकाळी दुकान उघडताना जा. निवांत ऐका, भाव काढा, आणि मुहूर्तावर नुसते पैसे भरून घेऊन या.

दुकानदार हमखास काहीतरी ढणढणीत लावतो, बेस वर चढवून. त्याला नम्रपणे सांग की बेस आणि ट्रेबल दोन्ही मधोमध आणा आणि मी आणलेलं लावा. पेन ड्राइव्हवर आपल्या ओळखीच्या चार गोष्टी घेऊन जा. पहिली, नुसतं बोलणं. ‘नटसम्राट’ चित्रपटातलं नाना पाटेकरांचं एखादं स्वगत चालेल. त्यांचा आवाज जड आहे. वाईट स्पीकरवर तो डब्यातून आल्यासारखा घुमतो आणि शब्दांची टोकं हरवतात. दुसरं, ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’. त्याचा वाद्यवृंद अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत प्रत्यक्ष वादकांना बसवून ध्वनिमुद्रित केला होता. सुरुवातीची व्हायोलिनं रेशमी लागतात की कानाला टोचतात ते बघ. तिसरं, तबला. डग्ग्याचा घुमार वेगळा आणि चाटीचा टणका वेगळा ऐकू आला पाहिजे. दोन्ही मिळून एकच धप्प होत असेल तर तो सेट सोडून दे. चौथं, तानपुरा. त्याच्या तारांची झणझण विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येते का ते बघ.

दोन सेट ताडून बघताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला लाव. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला हटकून चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. घरी रात्री ज्या आवाजात ऐकता त्याच हळू आवाजातही ऐकून बघा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तरीही बोलणं भरीव वाटलं तर तो स्पीकर चांगला.

मग हात लाव. बोटाच्या पेराने पेटीवर ठोक. बद्द आवाज आला तर पेटी ठोस, पोकळ टणटणली तर ती स्वतःच वाजणार. जाळी निघत असेल तर काढायला सांग. स्वस्त सेटमध्ये वरचा चकचकीत ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, नुसता शोभेचा असतो, मागे काहीच नसतं. तानपुरा चालू असताना ट्वीटरजवळ कान ने. आतून बारीक झणझण येत नसेल तर तो नकली. वरच्या दिव्यांचे, एफएमचे, मेमरी कार्डाचे पैसे देऊ नका.

सेकंडहँडला माझी हरकत नाही. उलट पंधरा हजारांत खरा मोठा ॲम्प मिळायचा तो रस्ता आहे. पण तपासून. स्पीकरच्या कडेची गादी फोमची असेल तर बोट हलकेच टेकव. आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत कुजतो आणि बोटाला काळा भुगा लागतो. रबरी कड टिकते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी स्पीकरचा कोन सरळ, अगदी हलका आत दाब. आत खरखर घासलं तर कॉइल जळलेली किंवा वाकडी झालेली आहे. ॲम्प अर्धा तास चालवून बघ. व्हॉल्यूम शून्यावर असताना घूं असा आवाज येत असेल तर कपॅसिटर म्हातारे झालेत. ते बदलता येतात, पण भाव त्या हिशेबाने पाड. जुन्या एव्ही रिसीव्हरमध्ये सगळ्यात आधी जातो तो एचडीएमआयचा बोर्ड. तो गेलेला असला तरी ऑप्टिकल चालू असेल तर घरगुती वापराला तो रिसीव्हर पुरतो, आणि स्वस्तात पडतो. मात्र स्पीकर चार ओहमचे असतील तर ॲम्पच्या मागे चार ओहम चालतात असं लिहिलेलं हवं. नाहीतर आवाज वाढवला की ॲम्प तापून बसतो.

वायरीवर पैसे उधळू नकोस. पाच मीटरपर्यंत घरातल्या बोर्डाला वापरतात ती दीड एमएमची तांब्याची वायर उत्तम. घेताना टोक ब्लेडने खरवडून बघ. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत कर. एचडीएमआयची दोन-तीनशे रुपयांची साधी केबल आवाजाला पुरते. तिच्यातून आकडे जातात. केबल महाग घेतली म्हणून ते आकडे गोड होत नाहीत.

जोडताना लाल-काळ्याची चूक सगळीकडे होते. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली की एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो. बेस नाहीसा होतो आणि बोलणारा माणूस नेमका कुठे आहे तेच कळत नाही. स्पीकरच्या तारांवर खूण नसेल तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घे आणि तारा क्षणभर त्याला टेकव. कोन बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार लाल. ही युक्ती फक्त सुट्या स्पीकरवर, ॲम्प जोडलेला नसताना करायची.

टीव्हीशी ब्लूटूथने जोडू नका. आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे राहतो आणि ओठ आधी हलतात. त्याने सासूबाईंना आणखी त्रास होईल, कारण ऐकायला कमी येणारा माणूस नकळत ओठही वाचत असतो. एआरसीवाला सॉकेट टीव्हीच्या मागे ठरावीकच असतो, त्यावर तसं लिहिलेलं असतं. कुठल्याही एचडीएमआयमध्ये खुपसून चालत नाही. आणि ज्यांच्याकडे ५.१ आहे त्यांनी टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ आहे का ते बघावं. तसं असेल तर बरेच टीव्ही बाहेर दोनच वाटा पाठवतात. ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’वर आणायचं. हे न केल्यामुळे कितीतरी घरांत मागचे स्पीकर वर्षानुवर्षं गप्प बसलेले मी पाहिलेत.

केबल टीव्हीची तार जोडल्यावर घूंघूं सुरू झालं तर अर्थिंगचा घोळ असतो. कुणी सांगेल की तीन पिनांपैकी वरची जाड मोडून टाका. अजिबात मोडायची नाही, जिवाशी खेळ होईल. ऑप्टिकल केबल लाव. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे घुरघुर तिथेच थांबते.

आता खोलीबद्दल, आणि हे जवळजवळ फुकट आहे. हॉलच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजव. ‘झिंग’ असा कंप मागून ऐकू आला तर समोरासमोरच्या कोऱ्या भिंती आवाज चेंडू टोलवावा तसा एकमेकींकडे टोलवतायत. तुमच्याकडे फरशीही गुळगुळीत टाइल्सची आहे. खिडकीला जाड पडदा, टीव्हीसमोर सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट किंवा आईने शिवलेली गोधडी, एवढ्याने बोलणं जितकं स्पष्ट होईल तितकं पाच हजार जास्त घालूनही होणार नाही. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलून ठेवू नकोस. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, आणि दोन स्पीकरमधलं अंतर साधारण तुमच्या बैठकीपर्यंतच्या अंतराएवढं.

पुढे सब आणलास तर त्याची जागा अशी शोध. सब दिवाणावर, तुमच्या बसायच्या जागी ठेव. खर्जाचं गाणं लाव आणि जावईबापूंना खोलीभर जमिनीलगत कान नेत फिरायला सांग. जिथे खर्ज सगळ्यात सारखा आणि आटोपशीर वाटेल, तिथे सब ठेवायचा. कोपऱ्यात तो जास्त घुमतो आणि लोकांना तेच आवडतं, पण बोलणं त्याखाली बुडतं. तुमचा हॉल चौदा फूट लांब आहे, त्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध विरतो. दिवाण भिंतीपासून फूटभर जरी पुढे ओढता आला तरी फरक पडेल.

सबखाली जाड रबर किंवा घडी घातलेली सतरंजी घाला. खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. तिथल्या लोकांना गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड येते, आणि ती फार त्रासाची असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. दहा वाजले की सब बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून घरात लावून घ्या.

पावसाळ्यात सेट रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतली ओल वाळते. वर कापड झाकून चालवू नका आणि चारही बाजूंनी हवा खेळू द्या. गरम ॲम्पमध्ये झुरळं उबेला जातात आणि बोर्ड शॉर्ट करतात. माझ्याकडे येणाऱ्या सेटांत याच कारणाने बंद पडलेले कमी नसत.

पैशांचा हिशेब असा मांड: जोडीला दहा-अकरा हजार, वायर-केबल आणि स्पाइक गार्डला हजार-दीड हजार, पडद्याला हजार. उरलेले बाजूला ठेव, ते सबचे. कॅश देऊन दोनशे-चारशे कमी करून घ्यायच्या नादात बिल सोडू नकोस. पक्कं बिल घे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून घे, तुमच्याकडे कल्याण-डोंबिवलीत सर्व्हिस सेंटर आहे का ते पैसे देण्याआधी विचार, आणि महिनाभर खोकं व थर्माकोल टाकू नकोस. बदलून घ्यायची वेळ आली तर दुकानदार आधी तेच मागतो.